दम्यात उणीव शक्तीची की आवराची?

दमा असलेल्या माणसाला आयुष्यात सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागणारे वाक्य बहुधा एकच असते: "तुझी प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, ती वाढव." सांगणारे आपुलकीनेच सांगतात. लहानपणापासून दम्याचा रुग्ण असल्यामुळे मीही हे वाक्य नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, शिक्षकांकडून ऐकत आलो आणि बरीच वर्षे ते खरे मानत आलो. परंतु गेल्या चार दशकांत या आजाराबद्दल जे समजले आहे ते पाहता हे वाक्य जवळजवळ उलटे करून म्हणायला हवे. ॲलर्जीमुळे होणाऱ्या दम्यात श्वासनलिकांमध्ये प्रतिकाराचा जोर भरपूर असतो. कमी पडतो तो त्या जोराला वेळीच थांबवणारा आवर. हा आवर घालण्याचे काम शरीरातले ठरावीक रेणू करतात, त्यांना नावे आहेत, त्यांचे मोजमाप करता येते. या रेणूंच्या बाजूने दम्याकडे पाहिले, तर उपचारांविषयीची आपली भाषा आणि संशोधनावर खर्च होणाऱ्या सार्वजनिक पैशाची दिशा, दोन्ही बदलावी लागतील, असे माझे म्हणणे आहे.

ॲलर्जीच्या दम्यात काय घडते ते आधी जवळून पाहू. धुळीत राहणाऱ्या माइट नावाच्या अतिसूक्ष्म जीवांच्या विष्ठेतले प्रथिन श्वासावाटे आत जाते. श्वासनलिकेच्या अस्तरातील मास्ट पेशींवर आयजीई जातीचे प्रतिपिंड आधीच बसलेले असतात. प्रथिन त्यांना चिकटले की काही मिनिटांत त्या पेशींतून हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन ही रसायने बाहेर पडतात, नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात आणि छातीत घरघर सुरू होते. तासा-दोन तासांत हे ओसरते आणि रुग्णाला वाटते की आता सुटलो. त्यानंतर, पहिल्या संपर्कापासून तीन-चार तास उलटल्यावर, पुष्कळांना दुसरी लाट गाठते. संध्याकाळी धुळीत काम झालेले असेल तर ही लाट ऐन रात्री येते. माणूस उठून बसतो, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवतो, खांदे वर ओढून धरतो, आणि घेतलेला श्वास बाहेर सोडण्यासाठीच त्याला सगळी ताकद लावावी लागते. त्याच्या कफाचा थेंब काचपट्टीवर घेऊन इओसिन या रंगद्रव्याने रंगवला, तर सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी-तांबड्या कणांनी गच्च भरलेल्या पांढऱ्या रक्तपेशी दिसतात. पाउल एर्लिख यांनी १८७९ मध्ये त्यांना इओसिनोफिल हे नाव दिले ते या रंगावरूनच. त्यांच्या आजूबाजूला दोन्ही टोकांना निमुळते, सुईसारखे स्फटिकही पडलेले असतात. शार्को आणि लायडेन यांच्या नावाने ते एकोणिसाव्या शतकापासून ओळखले जातात. इओसिनोफिल फुटल्यावर त्यातून सांडणाऱ्या गॅलेक्टिन-१० या प्रथिनाचे ते बनलेले असतात, आणि असे स्फटिक स्वतःच दाह भडकवतात हे २०१९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. त्या काचपट्टीवर जे दिसते त्याला दुबळेपणा म्हणता येणार नाही. तो अनावर झालेला प्रतिकार आहे.

आता त्याच खोलीत झोपलेल्या, दमा नसलेल्या भावाचा विचार करा. तीच धूळ तोही रात्रभर श्वासात घेतो आणि त्याला काहीच होत नाही. हे "काहीच न होणे" आपोआप घडते असे वैद्यकशास्त्राने फार काळ धरून चालवले. वस्तुस्थिती अशी आहे की त्याच्याही श्वासनलिकांत ते प्रथिन पेशींनी पाहिलेले असते, ओळखलेले असते, आणि ओळखूनही त्याच्यावर तुटून न पडण्याचा निर्णय झालेला असतो. त्या निर्णयामागे पेशींनी एकमेकींना पाठवलेले निरोप असतात. सायटोकाइन म्हणतात ते हेच निरोप. त्यांपैकी इंटरल्युकिन-४, ५ आणि १३ ही नावे दम्याच्या चर्चेत सतत येतात, कारण आयजीई वाढवणे, इओसिनोफिल बोलावणे, श्लेष्मा वाढवणे ही कामे ती करतात. थांबायला सांगणाऱ्या निरोपांची नावे मात्र रुग्णांच्या कानावर क्वचितच पडतात.

त्यांतला सर्वांत महत्त्वाचा निरोप इंटरल्युकिन-१० हा होय. टिम मॉसमन यांच्या गटाने १९८९ मध्ये तो प्रथम वर्णिला, तेव्हा त्याला दिलेले नावच मुळी "सायटोकाइन बनवण्यास अटकाव करणारा घटक" अशा अर्थाचे होते. मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक या पहारेकरी पेशी परक्या प्रथिनाचे तुकडे टी-पेशींना, म्हणजे प्रतिकाराची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना, दाखवून त्यांना उठवतात. इंटरल्युकिन-१० या दाखवण्याच्या कामालाच खीळ घालते आणि त्या पेशींतून बाहेर पडणारे दाहकारक निरोप कमी करते. प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशींवर तिचा परिणाम आणखी लक्षणीय आहे. आयजीई ऐवजी आयजीजी-४ जातीचे प्रतिपिंड बनवण्याकडे ती त्यांना वळवते, आणि हे प्रतिपिंड ॲलर्जीकारक प्रथिनाला मास्ट पेशींपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत अडवतात. दम्याच्या रुग्णांच्या फुप्फुसांत सलाइन सोडून परत खेचून घेतलेल्या द्रवात इंटरल्युकिन-१० चे प्रमाण निरोगी माणसांपेक्षा कमी असल्याचे १९९६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. इतर रेणूही आहेत. इंटरल्युकिन-१ च्या ग्राहकाला (पेशीवर बसून निरोप टिपणाऱ्या रेणूला) जाऊन चिकटणारा आणि कुलपात बसूनही न फिरणाऱ्या किल्लीसारखा वागणारा एक नैसर्गिक विरोधक आहे. इंटरल्युकिन-३५ आणि ३७ यांच्यावर अलीकडे काम चालू आहे. टीजीएफ-बीटा आहे, ज्याच्याकडे मला पुढे वळावे लागणार आहे. हे निरोप धाडणाऱ्या नियामक टी-पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिकारयंत्रणा स्वतःला कसे थांबवते हा प्रश्न आता वैद्यकाच्या मध्यभागी आला आहे, याची याहून मोठी पावती नको.

आवर शिकता येतो याचा मला सर्वांत पटणारा पुरावा मधमाश्या पाळणाऱ्यांकडून आलेला आहे. हंगामात या लोकांना पुन्हा पुन्हा दंश होतात आणि बहुतेकांना थोड्याशा सुजेपलीकडे काही होत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲलर्जी नसलेल्या अशा मधुपालकांचे रक्त हंगामाआधी, हंगामात आणि हंगामानंतर तपासले गेले. दंश सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत विषाला ओळखणाऱ्या त्यांच्या टी-पेशींनी आपला पवित्रा बदलला आणि त्या इंटरल्युकिन-१० बनवू लागल्या. या बदलात हिस्टामिनचा दुसऱ्या प्रकारचा ग्राहक भाग घेतो असे आढळले, म्हणजे ज्या हिस्टामिनला आपण केवळ त्रासाचे कारण समजतो तेच इथे आवर घालायला मदत करते. दंश चालू असेपर्यंत हा पवित्रा टिकला आणि दंश थांबल्यावर दोन-तीन महिन्यांत पेशी मूळ स्थितीवर आल्या. असेच काहीसे दुसऱ्या टोकाला, गॅबनमधल्या शाळकरी मुलांत दिसले. शिस्टोसोमा या रक्तातल्या कृमीची लागण झालेल्या मुलांत माइटविरुद्धची त्वचेची ॲलर्जी कमी आढळली, आणि कृमीच्या प्रथिनांना उत्तर म्हणून ज्यांच्या पेशी अधिक इंटरल्युकिन-१० बनवत होत्या त्यांच्यात ती आणखी कमी होती. हा अभ्यास २००० सालचा आहे. यावरून कृमी बरे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मुद्दाम हुककृमीची लागण करून दमा सुधारतो का हे पाहण्याचा प्रयोग नंतर झाला आणि त्यातून ठळक फायदा दिसला नाही.

मग हा रेणू औषध म्हणून टोचून का देत नाहीत? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर माझ्या बाजूला सोयीचे नाही. क्रोन या आतड्याच्या आजारात इंटरल्युकिन-१० टोचून पाहिली गेली. परिणाम निराशाजनक होता, आणि जास्त मात्रेत तर इंटरफेरॉन-गॅमा हा दाहकारक निरोप उलट वाढला. दम्यात, ॲलर्जीच्या निरोपांना विरोध करणाऱ्या इंटरल्युकिन-१२ चा प्रयोग २००० मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात आला. रक्तातले आणि कफातले इओसिनोफिल घटले, पण श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता आणि उशिरा येणारी ती दुसरी लाट तशीच राहिली, शिवाय रुग्णांना फ्लूसारखा त्रास झाला. टीजीएफ-बीटाची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची आहे. हाच रेणू नियामक टी-पेशी घडवतो आणि हाच श्वासनलिकेच्या अस्तराखाली तंतुमय थर जाड करतो, स्नायू वाढवतो, म्हणजे दमा जुना होत जाताना नलिका कायमच्या अरुंद होतात त्यात याचाही हात असतो. तेव्हा "दाहशामक रेणू" अशी पाटी लावून एखाद्या निरोपाला चांगला ठरवणे ही चूक होईल. निरोप कोणत्या पेशीने, कुठे, केव्हा आणि किती वेळ दिला यावर त्याचा अर्थ ठरतो. शिरेतून किंवा त्वचेखालून दिलेला रेणू सर्व शरीरभर एकच गोष्ट ओरडून सांगतो; मधुपालकाची टी-पेशी ती नेमक्या एका विषासाठी, नेमक्या जागी, हळू आवाजात सांगते.

माझ्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो मी टाळणार नाही. दम्याचे बरेच झटके साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसमुळे येतात, आणि दम्याच्या काही रुग्णांच्या श्वासनलिकेतील पेशी या विषाणूविरुद्ध इंटरफेरॉन-बीटा कमी बनवतात असे २००५ मध्ये दाखवले गेले. म्हणजे एका कोपऱ्यात खरोखरच शक्ती उणी असू शकते. हे मी मान्य करतो. परंतु त्यातून "प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या" गोळ्या-चूर्णांचे समर्थन होत नाही. प्रतिकारशक्ती ही पाण्याच्या टाकीसारखी एकच पातळी असलेली गोष्ट नाही. एकाच माणसाच्या एकाच श्वासनलिकेत विषाणूविरुद्धचे उत्तर अपुरे आणि धुळीविरुद्धचे उत्तर अतिरेकी असू शकते. सरसकट "वाढवण्याचे" आश्वासन देणारा माणूस यांतले नेमके काय वाढवणार आहे हे सांगू शकत नाही, आणि दम्याच्या रुग्णाने तरी त्याला हा प्रश्न विचारल्याशिवाय राहू नये.

या चुकीच्या भाषेची किंमत मोजावी लागते, म्हणूनच मी तिच्यावर इतका अडून आहे. आपल्यात काहीतरी कमी आहे अशी समजूत असलेला रुग्ण, दाह थांबवणाऱ्या औषधाला "शक्ती दाबणारे औषध" समजून घाबरतो. श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडविषयीची भीती या समजुतीवर पोसली जाते. प्रत्यक्षात हे स्टेरॉइड पेशींच्या केंद्रकात जाऊन दाहकारक जनुकांचे काम थांबवते, आणि १९९८ मध्ये दाखवले गेले त्याप्रमाणे, दम्याच्या रुग्णांच्या फुप्फुसांतील मॅक्रोफेजकडून अधिक इंटरल्युकिन-१० बनवून घेते. म्हणजे शरीराचा स्वतःचाच आवर ते अंशतः परत मिळवून देते. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, स्टेरॉइडच्या गोळ्यांची मिलिग्रॅममध्ये. दुष्परिणाम नाहीत असे मी म्हणणार नाही: तोंडात बुरशी येऊ शकते, त्यासाठी चूळ भरावी लागते, लहान मुलांच्या एका दीर्घ अभ्यासात मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटीमीटर कमी भरली. पालकांना ही आकडेवारी न लपवता सांगितली पाहिजे आणि तिच्या जोडीने दुसरीही सांगितली पाहिजे. २०१४ मध्ये ब्रिटनने दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंचा आढावा घेतला. झटपट आराम देणाऱ्या इनहेलरची माहिती ज्यांच्याबाबत उपलब्ध होती त्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना मृत्यूपूर्वीच्या वर्षात असे १२ हून जास्त इनहेलर लिहून दिलेले होते. साल्ब्युटामॉलचा तो इनहेलर स्नायू सैल करतो, दाहाला हातही लावत नाही. म्हणूनच जागतिक स्तरावरील दम्याच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून केवळ त्याच्यावर विसंबून उपचार करू नयेत असे स्पष्ट केले. त्याच वर्षी जगात दम्याने सुमारे ४ लाख ५५ हजार माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

काही रुग्णांत स्टेरॉइडही चालत नाही, आणि तिथे या रेणूची कथा पुन्हा समोर येते. अशा रुग्णांच्या टी-पेशी स्टेरॉइड देऊनही इंटरल्युकिन-१० पुरेशी बनवत नाहीत असे आढळले. २००६ मध्ये प्रयोगशाळेत ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप मिसळल्यावर त्या ती बनवू लागल्या. आशा मोठी होती. परंतु २०१४ मध्ये प्रौढांवरच्या आणि २०२० मध्ये मुलांवरच्या चाचणीत ड जीवनसत्त्वाने अपेक्षित फायदा झाला नाही. बशीतल्या पेशींचे वागणे आणि छातीतल्या पेशींचे वागणे यांतले अंतर ओलांडायला वेळ लागतो. संशोधनाने मान टाकायची की पुढे जायचे, हा प्रश्न इथेच येतो आणि तो सार्वजनिक प्रश्न आहे.

कारण दाहकारक निरोपांना अडवण्याच्या बाजूने नेमका हाच धीर दाखवला गेला. इंटरल्युकिन-१२ चा निराशाजनक प्रयोग "लॅन्सेट"च्या ज्या अंकात आला, त्याच अंकात इंटरल्युकिन-५ ला अडवणाऱ्या मेपोलिझुमॅब या औषधाचाही प्रयोग होता आणि त्याचाही निकाल तसाच होता: इओसिनोफिल घटले, उशिराची लाट तशीच. पण मेपोलिझुमॅबला दुसरी संधी मिळाली. योग्य रुग्ण निवडले गेले, तात्कालिक प्रतिक्रियेऐवजी गंभीर झटके मोजले गेले, २००९ मध्ये फायदा सिद्ध झाला आणि २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतर बेनरॅलिझुमॅब, डुपिलुमॅब, टेझेपेलुमॅब ही त्याच धर्तीची औषधे आली. तीव्र दम्याने वर्षातून कित्येकदा रुग्णालय गाठणाऱ्या माणसांना या औषधांनी पुन्हा कामावर जाता येऊ लागले, आणि ज्याने तशी रात्र काढली आहे तो त्यांचे मोल कमी लेखणार नाही. तरी त्यांची एक मर्यादा आहे. ती निरोप अडवतात, पेशींना नवे काही शिकवत नाहीत; मेपोलिझुमॅब थांबवल्यावर पुष्कळ रुग्णांत इओसिनोफिल आणि झटके दोन्ही परत आले. औषध चालू आहे तोवर आराम, अशी ही व्यवस्था आहे. महागडे औषध आजन्म घ्यावे लागणे हे रुग्णाला परवडत नाही, विकणाऱ्याला मात्र त्यात तोटा नाही. मी कोणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही. रक्तातले इओसिनोफिल काही आठवड्यांत मोजता येतात, आवर टिकला का हे समजायला औषध थांबवून वर्षे जावी लागतात, आणि खासगी गुंतवणूक पहिल्या प्रकारच्या मोजमापाकडे वळणार हे स्वाभाविकच आहे. म्हणूनच दुसऱ्या प्रकारच्या मोजमापाचा खर्च सार्वजनिक निधीने उचलायला हवा.

तसे संशोधन शून्यापासून सुरू करावे लागणार नाही. लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांचा अर्क अत्यल्प मात्रेत टोचून ती हळूहळू वाढवण्याची पद्धत मांडली. आज तिला ॲलर्जन इम्युनोथेरपी म्हणतात, आणि तिच्यातही टी-पेशी इंटरल्युकिन-१० बनवू लागतात, आयजीजी-४ वाढते, हे १९९८ पासून माहीत आहे. मधुपालकांना जे मधमाश्या देतात ते इथे डॉक्टर मोजून देतो. दम्यात ही पद्धत सर्वांसाठी नाही; आजार आटोक्यात नसेल तर ती धोकादायक ठरू शकते. दुसरा धागा बालपणाचा आहे. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या एकमेकांशी वांशिक जवळीक असलेल्या दोन शेतकरी समाजांची तुलना २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली: जुन्या पद्धतीने, गुरांच्या सान्निध्यात शेती करणाऱ्या आमिश मुलांत दम्याचे प्रमाण यांत्रिक शेती करणाऱ्या हटराइटांच्या सुमारे एक चतुर्थांश होते, आणि आमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंच्या आवरणातले एंडोटॉक्सिन हे द्रव्य जवळपास सातपट होते. इतक्या "अशक्त करणाऱ्या" वाटणाऱ्या धुळीत वाढलेली मुले श्वासाने सुदृढ होती.

गवताच्या परागकणांच्या ॲलर्जीत तीन-चार वर्षे टोचून इम्युनोथेरपी घेतलेल्यांचा फायदा ती थांबवल्यावर आणखी तीन वर्षे टिकलेला १९९९ मध्ये दिसला. २०१७ च्या चाचणीत दोनच वर्षे उपचार घेतलेल्यांमध्ये तो वर्षभरानंतर उरला नाही. आणि मधुपालकांच्या पेशी तर दंश थांबल्यावर दोन-तीन महिन्यांतच जुन्या स्थितीवर आल्या. दोन वर्षे आणि तीन वर्षे यांच्या मधल्या काळात पेशींच्या स्मरणात असे काय बसते की त्यानंतर रोज निरोप धाडावा लागत नाही, हे दम्याच्या रुग्णांत तपासायचे असेल तर त्यांना तीन वर्षे उपचार देऊन पुढची पाच वर्षे, औषध पूर्ण बंद असताना, दर हंगामात त्यांच्या श्वासनलिकांतला कफ आणि रात्रीची ती दुसरी लाट मोजत राहावी लागेल. आठ वर्षांचा असा प्रकल्प मंजूर करणारे सरकार किंवा निधीसंस्था मला हवी आहे, आणि दम्याच्या प्रत्येक रुग्णाने व त्याच्या घरच्यांनी ती मागायला हवी आहे.